लागलं की सांगा

नाशकात बुधवारच्या बाजारात, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, माझ्या पायातली चप्पल गेली आणि मी तशीच चालत राहिले.

मेथीच्या जुडीवरून घासाघीस आटोपून पुढे निघाले होते. दोन्ही हातांत पिशव्या. मागून एक भाजीवाली ओरडली, "ओ मावशी, चप्पल राहिली की!" बाजारात मावश्या पुष्कळ असतात, मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा तिने "ओ निळ्या साडीच्या मावशी" असं म्हटलं तेव्हा वळले. दहा-बारा पावलं मागे, कोथिंबिरीच्या देठांत, माझी डावी चप्पल पालथी पडली होती. खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी. फरशी ओली, वर चुरगळलेले टमाटे. एका पायात चप्पल आहे आणि दुसऱ्यात नाही, हे मला डोळ्यांनी कळलं, पायांनी नाही.

भाजीवाली हसली, मीही हसले. घरी येऊन सांगितलं तर हेही हसले. "विसराळू झालीस," म्हणाले. पण विसरणं वेगळं. विसरायला आधी कळावं लागतं.

मी छप्पन्न वर्षांची. गणित शिकवते. मधुमेहाला नऊ वर्षं झाली. तळवे रात्री जळजळतात, पांघरुणाचं टोकही पायाला नकोसं होतं, फरशीवर चालताना मध्ये पातळ सतरंजी अंथरल्यासारखी वाटते, हे सगळं दोनेक वर्षं चालू होतं. त्याचं खापर मी दिवसभर फळ्यासमोर उभं राहण्यावर फोडत आले. मास्तरकीत पाय दुखणं पगारात धरलेलं असतं. शिवाय माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर, रिपोर्टात एचबीए१सी म्हणतात ती, सातच्या आत. त्या एका आकड्याचा मला फार अभिमान. मैत्रिणींचे नऊ आणि दहा ऐकून मी आतल्या आत फुलून यायचे, वर्गात पहिली आल्यासारखी.

चप्पल गेली त्याच आठवड्यात मी गंगापूर रोडवर पाय तपासून घ्यायला गेले. तिथे तपासणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने मला आडवं झोपवलं. हातात एक प्लास्टिकची दांडी, तिच्या टोकाला पतंगाच्या मांज्याहून जरा जाड असा नायलॉनचा दोरा. आधी तो तिने माझ्या मनगटावर टेकवून दाखवला. "असं लागेल, काकू. आता डोळे मिटा. लागलं की सांगा."

तो दोरा बरोबर दहा ग्रॅमचा जोर पडला की वाकतो. तेवढा स्पर्श कळला तर पाय राखणदारी करतोय, नाही कळला तर रखवालदार झोपलाय. एवढीच ती परीक्षा, पण डोळे मिटून देताना छातीत धडधडतं. मी "लागलं" म्हणत होते. मध्ये बराच वेळ शांतता. वाटलं, ती वहीत काही लिहीत असेल. मग पुन्हा "लागलं". शेवटी डोळे उघडून विचारलं, "किती?" ती म्हणाली, "उजव्याला दहापैकी आठ. डाव्याला सहा." म्हणजे त्या शांततेत ती काही लिहीत नव्हती. ती माझ्या पायाला दोरा लावत होती.

मग तिने कंपनाचा चिमटा काढला. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ध्वनीच्या धड्याला असतो तसाच, सेकंदाला १२८ कंपनांचा. हातावर आपटून तिने तो माझ्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला. "थांबलं की सांगा." थोड्या वेळाने मी म्हटलं, थांबलं. तिने तो उचलून स्वतःच्या बोटावर टेकवला आणि काही न बोलता उभी राहिली. तिच्यासाठी तो अजून वाजत होता.

*

माझे वडील, अण्णा, नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटांचा छापखाना, हे सांगावं लागत नाही. अण्णा डोळे मिटून कागद चाचपायचे आणि चांगला-वाईट सांगायचे. आम्हा भावंडांचा तो खेळ होता. वहीचं पान, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, दहाची नोट त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांनी ओळखायची. ते कधी चुकले नाहीत.

त्यांना मधुमेह होता. तेव्हा घरात सुईच्या टोकाने रक्त काढणारं यंत्र नव्हतं. स्पिरिटचा दिवा, एक परीक्षानळी आणि बेनेडिक्टचं निळं द्रावण होतं. त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर. पिवळं, नारिंगी आणि मग विटेसारखं लाल, अशी चढती भांजणी. अण्णा नळी खिडकीच्या उजेडात धरून छापखान्यातल्या माणसाच्या नजरेने रंग पाहायचे. "पोपटी आहे, चालेल." बहुतेक वेळा पोपटीच असायचं. चरबी तपासण्याचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही. जाड माणसांनी काळजी करायची ती गोष्ट, आणि अण्णा काटकुळे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ते त्र्यंबकच्या फेरीला जायचे. रविवारी रात्री निघायचं, कुशावर्तावर स्नान, मग ब्रह्मगिरीला वळसा. वीसेक किलोमीटर, अनवाणी, पावसात, चिखलात. सोबतचे लोक खडे टोचले की "भोले" म्हणून विव्हळायचे. अण्णांना काही व्हायचं नाही. "पायाला कळतसुद्धा नाही," ते कौतुकाने सांगायचे. आजी म्हणायची, देव चालवतो त्याला. आम्हाला ते पटलेलं होतं. एका वर्षी परत आले तेव्हा आईला ओसरीवर रक्ताची पावलं दिसली. फक्त उजवी. करंगळीखाली बाभळीचा काटा अर्धा मोडून आत राहिला होता. त्यावरून ते किती चालले कुणास ठाऊक. काटा काढताना ते चहा पीत होते आणि आईला फेरीच्या गमती सांगत होते.

ती जखम भाद्रपदात चिघळली. दिवाळीच्या आधी करंगळी काढावी लागली.

देव चालवतो, ह्या वाक्याचा मला आजही राग येत नाही. आजीला दुसरं कुठलं वाक्य मिळालं असतं? पण दुखत नाही म्हणजे बरं आहे, हे गणित आमच्या घरात पक्कं बसलं ते तिथून. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या आणि पुढे तिथे कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी नेमकं हेच गणित उलटं मांडलं. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडत नाहीत. वेदना गेल्यामुळे ते चटके, ठेचा आणि रोजचं घासणं ह्यांच्यापासून हात-पाय वाचवत नाहीत, आणि त्यातून झीज होते. पुढे तीच शिकवण मधुमेही पायाला लागू झाली. वेदना ही देणगी आहे असं ते म्हणत. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही, ही त्याची खरी पंचाईत.

*

नाशिककराला पूर मोजायला फूटपट्टी लागत नाही. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरभर एकच प्रश्न, "मारुतीच्या कुठवर आलं?" पायाला लागलं म्हणजे दुकानदार सामान उचलायला लागतात. कमरेला आलं की सराफ बाजार सावध. छातीला आलं की पोरं शाळेतून घरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो डोक्यापर्यंत बुडाला होता आणि आम्ही गच्चीवरून नुसते फोनवर फोन करत होतो.

डॉक्टरांनी मला समजावताना कागदावर माणूस काढला आणि त्याच्या पायात मोजे रंगवले. माझ्या डोळ्यांपुढे मारुती आला. मधुमेहातली चेतांची, म्हणजे मज्जातंतूंची, इजा अशीच खालून वर चढते. आधी बोटं, मग चवडा, घोटा, नडगी. पाणी गुडघ्याजवळ आलं की हाताच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागतात. का, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला सुटलं आणि फार आनंद झाला. त्या खुर्चीत बसून आनंद व्हावा असं ते काही नव्हतं, पण शिक्षकाचा स्वभाव. कण्यापासून गुडघ्याखालपर्यंतचं अंतर आणि मानेपासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर जवळपास सारखं भरतं. म्हणजे आजार शरीराचा भाग निवडत नाही, लांबी निवडतो. सगळ्यात लांब तार आधी.

अण्णांची बोटं मला तेव्हा आठवली. शेवटच्या वर्षांत ते सदऱ्याची बटणं लावताना चिडायचे आणि आम्ही म्हणायचो, नजर गेली. कागद ओळखायचा खेळ तोवर आम्ही कुणी खेळत नव्हतो.

लांबीचा मुद्दा पुढे वाचत गेले. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श सांगणारी चेतापेशी राहते पाठीच्या कण्यालगत. तिथून एकच तंतू निघतो तो थेट अंगठ्यापर्यंत, सुमारे मीटरभर. पेशी स्वतः डोळ्यांना दिसत नाही आणि तिचा हात मीटरभर लांब. त्या टोकाला लागणारा बराचसा माल कण्याजवळच्या पेशीत तयार होतो आणि तंतूच्या आतून वाहून न्यावा लागतो. जलद मालाचा वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. भागाकार केला तर अंगठ्यापर्यंत पोचायला अडीच ते पाच दिवस. मुंबई-नाशिक रस्त्यावर कसाऱ्याला एक ट्रक आडवा झाला तर इकडे भाजी कडाडते. इथे तर रोजच घाट.

ह्या तारांना वेष्टण असतं, मायलिन. ते प्रामुख्याने चरबीचं, आणि त्यात कोलेस्टेरॉल भरपूर. वेष्टणाच्या तारेतून संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटरपर्यंत धावतो. बिनवेष्टणाच्या बारीक तारांतून, ज्या चटका आणि जळजळ सांगतात, साधारण मीटरभर. हे वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. वर्गात हे सांगितलं असतं तर मागच्या बाकावरून भुंकण्याचा आवाज नक्की आला असता. थिओडोर श्वान नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते, कुत्र्यांचा काही संबंध नाही. पण राखण करतात हे मात्र खरं.

मी आजवर चरबी म्हणजे पोट आणि हृदय एवढंच धरून चालले होते. चेतांच्या अंगावरचं कांबळंच चरबीचं आहे हे कळल्यावर पुढची गोष्ट ऐकायला कान वेगळे झाले.

*

"शुगर चांगली आहे की माझी," मी डॉक्टरांना म्हणाले. ६.९. मला ते ऐकवायचंच होतं.

"शुगर चांगलीच आहे, मॅडम," ते म्हणाले आणि रिपोर्टचं दुसरं पान उलटून पेन टेकवलं. "ह्या ओळीचं काय?"

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३१२. शेजारी ठळक ठसा. खाली छापलेलं की १५० च्या आत हवं. मी नऊ वर्षांच्या रिपोर्टांची फाइल घेऊन गेले होते. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सगळी पानं पसरली. २०१६ मध्ये १८८. मग २०५. २०१९ ला २४१. २०२० चं पान नाही, त्या वर्षी कोण लॅबमध्ये जाणार. २०२१ ला २६८. मग २९०. आणि आता हे. प्रत्येक वर्षी ठळक अक्षरात, प्रत्येक वर्षी मी पहिलं पान पाहून फाइल बंद केलेली. पोरांच्या उत्तरपत्रिकेत मी असं कधी केलं नाही.

एक गंमत तेवढ्यात सापडली. त्या पानावर व्हीएलडीएल म्हणून ओळ होती, ६२.४. ३१२ भागिले पाच. मागच्या वर्षीची पाहिली, तीही बरोबर पाचवा भाग. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०५.६ होतं, म्हणजे एकूण २०४ मधून चांगलं कोलेस्टेरॉल ३६ आणि ते ६२.४ वजा केलेलं. म्हणजे ह्या दोन ओळी मोजलेल्या नव्हत्या, मांडलेल्या होत्या. बऱ्याच लॅबमध्ये असंच करतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ही वजाबाकी भरवशाची राहत नाही. वाचून आश्चर्य वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. त्या पानावर मला ओळखीचं काहीतरी भेटलं.

आता शुगर आवरलेली असताना चरबीने पाय कसे बिघडतील? इथे मी अडले आणि बरंच वाचलं. जे हाती लागलं ते सरळ रेषेत नाही, आधीच सांगते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे लहानपणी किंवा तरुणपणी इन्शुलिनच संपतं त्यात, साखर घट्ट आवरली की चेता वाचतात हे १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. चेतांचा त्रास साठ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे घरोघरी असतो त्या दुसऱ्या प्रकारात मात्र नुसती साखर आवरून एवढा फायदा दिसत नाही. थोडा दिसतो. मग उरलेलं कोण करतं? २००५ मध्ये युरोपातल्या एका अभ्यासात पहिल्या प्रकारचे ११७२ लोक, ज्यांच्या चेता सुरुवातीला धड होत्या, सात वर्षांवर पाहिले गेले. जवळपास चौथ्या हिश्श्याला त्रास सुरू झाला. साखर आणि आजाराची वर्षं ही कारणं होतीच, पण सोबत ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल, वजन, रक्तदाब आणि धूम्रपानही होतं. ही हृदयविकाराची यादी आहे. पायाच्या प्रश्नपत्रिकेत तीच यावी ह्याचं मला नवल वाटलं.

मग मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. इव्हा फेल्डमन ह्यांच्या गटाचं २००९ चं काम. ४२७ मधुमेही, चेतांचा त्रास सौम्य ते मध्यम. घोट्यापाशी एक चेता असते, तिच्या बारीक तुकड्यात दर चौरस मिलिमीटरमध्ये किती तंतू आहेत ते मोजलेलं, आणि बावन्न आठवड्यांनी पुन्हा मोजलेलं. काहींचे तंतू वर्षात पुष्कळ कमी झाले, काहींचे जवळपास तेवढेच राहिले. दोन्ही गटांत फरक शोधला तेव्हा उठून दिसलं ते ट्रायग्लिसराइड. ज्यांचं सुरुवातीला जास्त, त्यांचे तंतू जास्त गेले. वय, आजाराची वर्षं, साखर, ह्यांचा हिशेब धरूनही.

मुलांना मी दरवर्षी सांगते की दोन गोष्टी सोबत चढल्या म्हणजे एकीने दुसरीला चढवलं असं नव्हे. आइस्क्रीमचा खप आणि गंगेवर पोहणाऱ्यांची संख्या उन्हाळ्यात सोबतच वाढते. म्हणून यंत्रणा शोधावी लागते. ती थोडी सापडली आहे. त्याच विद्यापीठात उंदरांच्या स्पर्श सांगणाऱ्या चेतापेशींना पाल्मिटिक आम्ल दिलं, तेव्हा तंतूच्या आतून फिरणाऱ्या तंतुकणिका, पेशीतली ती छोटी वीजघरं, मंदावली. ओलेइक आम्ल दिलं तेव्हा ती चालत राहिली. कसाऱ्याच्या ट्रकची मला लगेच आठवण झाली. घाटात आडवा पडणारा ट्रक कदाचित चरबीने लादलेला असतो.

पाल्मिटिक म्हणजे पामतेलात चाळीस टक्क्यांच्या वर असतं ते. ओलेइक म्हणजे शेंगदाणा तेलात सगळ्यात मोठा वाटा असतो तो. "म्हणजे शेंगदाणा तेल कितीही चालेल?" मी डॉक्टरांना विचारून पाहिलंच. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

आता उलटी बाजू. हायडेलबर्गला २०१९ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या शंभर मधुमेहींच्या पायांच्या चेतांची एमआरआयने छायाचित्रं घेतली. ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी, त्यांच्या चेतांत इजा जास्त दिसली. वेष्टण कोलेस्टेरॉलचं असेल तर हे अगदीच चमत्कारिक नाही. पण हे वाक्य कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं की काय होतं ते मी पाहिलं. आमच्या नणंदेने दुसऱ्याच दिवशी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. तिला मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, हृदयाचा झटका आणि पक्षाघात ह्यांपासून ही गोळी वाचवते ह्याचा पुरावा डोंगराएवढा आहे आणि हा शंभर माणसांचा एक अभ्यास आहे. प्रश्न म्हणून चांगला, गोळी फेकायला पुरेसा नाही. नणंदेने गोळी पुन्हा सुरू केली, पण तिचा माझ्यावर अजून थोडा राग आहे.

आणि ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फेनोफायब्रेट ह्या औषधाचा एक मोठा अभ्यास आहे, दुसऱ्या प्रकारचे ९७९५ मधुमेही, साधारण पाच वर्षं. मुख्य प्रश्न हृदयाचा होता आणि तिथे उत्तर फारसं जोरदार आलं नाही. पण २००९ मध्ये त्याच आकड्यांतून पायाचा हिशेब काढला तेव्हा औषध घेणाऱ्यांत पाय किंवा बोट कापण्याची पहिली वेळ येणं सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसलं. मी ते वाचलं तेव्हा बराच वेळ अण्णांच्या करंगळीचा विचार करत बसले. हे औषध सगळ्यांना देतात असं नाही, मलाही दिलेलं नाही. तरी तो आकडा डोक्यातून जात नाही.

*

अण्णा काटकुळे होते असं वर म्हटलं. त्याचंही उत्तर मिळालं, आणि तेही जवळच, पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२. दिसायला दोघेही सडपातळ. आपल्या लोकांचं हेच आहे, वरून काटक आणि आत लोणी. अण्णांना कुणी चरबी तपासा म्हटलं असतं तर ते हसले असते. मीसुद्धा.

मग ह्या ३१२ मध्ये माझा स्वतःचा हात किती? मी तेलकट फारसं खात नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण ट्रायग्लिसराइड नुसतं तेलातून येत नाही. जास्तीची साखर आणि पीठ आलं की यकृत स्वतः चरबी बनवतं. इन्शुलिन नीट चालत नसेल तर रक्तातली चरबी उचलणारी यंत्रणाही ढिली पडते. म्हणजे माल जास्त आणि हमाल कमी. दिरांचा दिंडोरीकडे द्राक्षांचा मळा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेट्या येतात. हातात उत्तरपत्रिका, शेजारी वाडगा. अर्धा किलो कधी संपतात कळत नाही. अर्ध्या किलो द्राक्षांत साधारण ऐंशी ग्रॅम साखर. सोळा चमचे. चहात अर्धा चमचा साखर नको म्हणून मी सगळ्या पाहुण्यांसमोर हात आडवा करत होते. शुगर तपासायच्या आदल्या दिवशी मात्र द्राक्षं नाहीत, हेही खरं सांगून टाकते.

संध्याकाळी पाचला चिवडा. रविवारी मिसळ, तीही नाशकातली, रश्श्यावर बोटभर तर्री, वर पापड. नाशकात राहून मिसळ सोडणं म्हणजे पंढरपुरात राहून एकादशी मोडणं. मी सोडली नाही. महिन्यातून एकदा, फरसाण कमी, मटकी जास्त, तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्यायची आणि पाहून परत करायची. हॉटेलातला पोऱ्या आता ओळखतो, विचारतो, "काकू, आज पण नुसतं बघायचं का?"

एक भानगड उरली. माझं बी-१२ ही कमी निघालं. आम्ही शाकाहारी, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणखी उतरतं. त्यानेही पाय असेच बधिर होतात. मग माझ्या डाव्या पायाच्या हुकलेल्या चार खुणांत साखरेच्या किती, चरबीच्या किती, बी-१२ च्या किती? मी डॉक्टरांना तसं विचारलं, शेकडेवारीत. ते म्हणाले, "मॅडम, ही वाटणी होत नाही. तिघांनाही धरायचं." बी-१२ ची सुई घेतली, चालणं वाढवलं. गोदापार्कवर सकाळी पाऊण तास. बूट बंद, मऊ, अर्धा आकडा मोठे. पायात घालायच्या आधी प्रत्येक बुटात हात घालून चाचपायचं. पहिल्याच आठवड्यात आतून नातवाच्या गाडीचं चाक निघालं.

रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. हे शेजारी वाचत बसलेले असतात, पान न उलटता विचारतात, "कुठवर आलं?" मी म्हणते, "घोट्याच्या खालीच आहे." मग ते पान उलटतात.

सहा महिन्यांनी परत गेले. ट्रायग्लिसराइड १७८. मी पहिल्यांदा पान उलटून ती ओळ आधी वाचली. मग पुन्हा तीच मुलगी, तीच दांडी, तोच दोरा. "डोळे मिटा काकू. लागलं की सांगा."

मी डोळे गच्च मिटले. सगळं लक्ष डाव्या अंगठ्यापाशी नेलं. खोलीतला पंखा ऐकू येत होता, बाहेर रिक्षा. लागलं. लागलं. थोडी शांतता. मग अगदी हलकं, पण नक्की, अंगठ्याच्या टोकाला.

"लागलं!"

"नाही काकू," ती हळूच म्हणाली. "मी अजून टेकवलाच नव्हता."